रणगाडा ट्रेलरवर चढवताना

सिंदी दोन आहेत. एक आमची सिंदी मेघे, वर्धा शहराला चिकटलेली. दुसरी सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे. लांबून येणारा ट्रेलरवाला फक्त ‘सिंदी’ ऐकून निघाला, तर हमखास दुसरीकडे जाऊन उभा राहतो आणि भाड्याचं मीटर इकडे चालू. म्हणून पहिली सूचना अगदी साधी: पत्ता तालुक्यासकट लिहून द्या.

माझी नोकरी फौजेत, रिकव्हरीत गेली. अडकलेलं, उलटलेलं, बंद पडलेलं ओढून काढायचं हे काम. आता कुठे कॉलेजच्या फाटकाशी किंवा चौकात जुना रणगाडा बसवायचा ठरला, की फोन येतो, “काका, क्रेन किती टनाची सांगू?” सैन्यातून बाद झालेले टी-५५ रणगाडे पुण्याजवळच्या खडकीच्या सेंट्रल एएफव्ही डेपोतून शोभेसाठी संस्थांना मिळतात. वाहतूक मात्र घेणाऱ्याच्या गळ्यात. मग गावातली हायड्रा क्रेन, ओळखीचा ट्रेलर आणि चार पोट्टे जमवले जातात. टी-५५ चं वजन ३६ टन. चौदा टनांची हायड्रा त्याला उचलत नसते, स्वतःच त्याच्यापुढे नाक टेकते.

क्रेनचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न जमिनीचा, आणि त्याहून आधीचा असा, की बंद रणगाड्याला ब्रेक नसतो. तो ओढायचा कसा हे सगळ्यांना सुचतं. उतारावर मधेच दोर ढिला पडला तर अडवायचा कसा, हे ठरल्याशिवाय विंचला हात लावू नये.

गाडी लावण्याआधी करा

• आत काही नाही याचा लेखी दाखला घ्या: तोफेची नळी, चेंबर, दारूगोळ्याचे कप्पे, डिझेलची टाकी, बॅटऱ्या. वर्धा जिल्ह्यात हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव (आबाजी) इथं, मुदत संपलेला दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण गेले. जुनं म्हणजे निरुपद्रवी, असं लष्करी मालात नसतं.

• माती बघा. आपली काळी माती मे महिन्यात दगडासारखी वाजते, हातभर भेगा पडतात, आणि मृगाच्या दोन सरींनंतर तिचं लोणी होतं. रेकरच्या (म्हणजे क्रेन आणि विंच दोन्ही असलेल्या गाडीच्या) पायांखाली फळीचे तुकडे चालत नाहीत. लाकडी स्लीपर आडवे, त्यावर उभे, असे दोन थर द्या. एका संस्थेच्या आवारात मी हे सांगूनही कुणी ऐकलं नव्हतं. जमीन वरून खडखडीत कोरडी होती. पहिल्याच ओढीत रेकरचा मागचा डावा पाय सावकाश, आवाज न करता वीतभर आत गेला. खाली आदल्या वर्षी बुजवलेला पाइपलाइनचा चर होता. गाडी कलंडली नाही, कारण विंचवाल्याची नजर दोरावर नव्हती, त्या पायावर होती. तेव्हापासून मी जागामालकाला आधी विचारतो, इथं कधी खोदलं होतं का?

• रणगाड्याचे दोन्ही ट्रॅक फिरतात का, ते सपाट जागेवर फूटभर ओढून पाहा. जाम असतील तर रॅम्पवर नेऊच नका.

• नळी मागे फिरवा आणि टरेट आतून लॉक करा. टी-५५ चा सांगाडा साडेसहा मीटरच्या आत बसतो. नळी पुढे असली की तोच नऊ मीटरचा होतो. लॉक नसलेलं टरेट वळणावर आपोआप फिरतं, आणि मग ती नळी शेजारून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीच्या उंचीवर असते.

• ट्रेलरच्या शेपटीखाली टेकू लावा. हे सर्वात जास्त विसरलं जातं. रणगाड्याचं वजन आधी शेपटीवर येतं, मागचा भाग दबतो आणि पुढचा पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) वर उचलला जातो. पुढची चाकं हलकी झाली की त्या गाडीच्या हँडब्रेकवर कसला भरवसा? शेपटीखाली स्लीपरचा चौथरा, सगळ्या चाकांना गुटके.

हिशेब करा, अंदाज नको

३६ टनांचा रणगाडा १५ अंशांच्या रॅम्पवर नुसत्या वजनानं नऊ टनांवर मागे ओढतो. त्यात गंजलेल्या चाकांची आणि ट्रॅकची अडवणूक धरली की ओढ बारा-तेरा टनांवर जाते. तोच रॅम्प लांब करून १० अंशांवर आणलात तर वजनाचा हिस्सा सहा टनांवर उतरतो. चार स्लीपर जास्त मागवणं मोठ्या रेकरपेक्षा स्वस्त, हे ठेकेदाराला का पटत नाही कोण जाणे.

कप्पी लावली की दोरावरचा ताण जवळपास निम्मा होतो. पण कप्पी ज्या कड्याला अडकवली, त्या कड्यावर पूर्ण ओढ येते. म्हणून शॅकल आणि कडं कप्पीच्या मापाचं घ्या, दोराच्या नव्हे.

उचलून ठेवायचं असेल तर दोराचा कोन बघा. दोन दोरांनी उचलताना ते आडव्या रेषेपासून ६० अंशांवर असतील, तर प्रत्येकावर भाराच्या ५८ टक्के ताण येतो. ४५ वर ७१ टक्के. ३० अंशांवर आणलेत तर एकेका दोरावर अख्खं वजन! वायररोपचे क्लॅम्प लावताना खोगीर ओढ घेणाऱ्या तारेवर, यू मोकळ्या टोकाकडे. उलटं लावलेलं दिसलं की मी काम थांबवतो, चहा पितो आणि ते पुन्हा लावून घेतो.

टाळा

• ताणलेल्या दोरावरून पाय टाकू नका. त्याच्या बाजूला, रेषेत किंवा वाकड्या ओढीत आतल्या कोनाकडे उभं राहू नका. तुटलेली तार कुणाला ओळखत नाही. दोरावर मधोमध ओली पोती टाकावी, ती झटका कमी करतात. पण पोती टाकली म्हणून जवळ जायला मोकळीक मिळाली, असं नाही.

• ट्रॅकमागे गुटका हातानं सरकवू नका. लांब दांडी लावलेले गुटके करून घ्या. रणगाडा हातभर वर सरकला, गुटका मागे. पुन्हा हातभर, पुन्हा गुटका. अडवायचा कसा म्हणालो ते हेच. कंटाळवाणं काम आहे आणि तसंच असायला हवं.

• दोन माणसांनी इशारे देऊ नका. जुने खलाशी ‘हबेस’ म्हणजे वर आणि ‘आरिया’ म्हणजे खाली असं ओरडतात. तुम्ही कोणताही शब्द ठरवा, पण तोंड एकच. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणू शकतो, क्लीनरचा पोरगाही, आणि तो शब्द ऐकला की विंच थांबलीच पाहिजे.

• रणगाड्यात हौशी माणूस बसवू नका. फोटो नंतर.

• रॅम्पच्या माथ्यावर घाई नको. तिथं रणगाडा क्षणभर तराजूसारखा डुलतो आणि मग पुढे आदळतो. त्या दोन फुटांसाठी विंच सगळ्यात हळू.

• भर दुपारी नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. लोखंडाला हात लागत नाही, माणूस चिडतो आणि “हो न भाऊ, होऊन जाते” सुरू होतं. पहाटे पाचला सुरू करा.

• कापडी बेल्ट उघड्या लोखंडी कडेवरून नेऊ नका. मधे जुन्या टायरचा तुकडा घाला.

चढल्यावर

लोखंडावर लोखंड घसरतं. ट्रेलरच्या पत्र्यावर आधी लाकडी फळ्या टाका, मगच ट्रॅक. साखळ्या चार कोपऱ्यांवर, जोडीजोडीनं, विरुद्ध दिशांना. ब्रेक लागला की माल वजनाच्या ०.८ पट जोरानं पुढे जाऊ पाहतो, असं धरून बांधतात. बाजूंना आणि मागे वजनाच्या निम्म्या जोरानं. म्हणजे ३६ टनांना पुढच्या बाजूला जवळपास २९ टनांची अडवणूक हवी. एक साखळी आणि देवावर भरवसा, इतक्यात हे भागत नाही.

टी-५५ ची रुंदी ३.२७ मीटर. साधारण मालवाहू गाडीला २.६ मीटरची मर्यादा आहे, तेव्हा जादा मापाच्या वाहतुकीचा परवाना आधीच काढा. खडकीहून वर्ध्यापर्यंतच्या वाटेवर उंची जमिनीपासून टरेटच्या सर्वात वरच्या टोकापर्यंत मोजा, कागदावरची घेऊ नका. विजेच्या रेल्वेमार्गावरच्या फाटकाला उंचीची आडवी कमान असते, ती उगाच नसते. वस्तीत शिरताना लोंबकळणाऱ्या तारा आदल्या दिवशी मोटारसायकलनं फिरून बघा.

पहिल्या दहा किलोमीटरवर थांबा आणि साखळ्या पुन्हा आवळा. ट्रॅक फळ्यांवर बसतात, साखळी ढिली पडते, दर वेळी.

आणि उतरवताना शेवटची साखळी सोडण्याआधी विंचचा दोर लावून ताणून घ्या. चढताना उतार तुमच्याविरुद्ध होता, आता तो रणगाड्याच्या बाजूचा आहे. लोक हार घेऊन उभे असतात, पाहुणे आलेले असतात, कुणीतरी म्हणतं, “सोडा न काका आता.” त्यांना रॅम्पच्या रेषेतून बाजूला घ्या, दांडीचे गुटके परत हातात द्या, आणि मग सोडा.