पडद्यावरील पहिले उड्डाण

दिल्लीत यमुनेच्या पूर्व तीरावर वसलेल्या मयूर विहारात नव्या छांदिष्टास विमानाची प्रतिकृती उडवण्याजोगी मोकळी जागा सापडणे कठीण. दाट वस्ती, विजेच्या तारा, मेट्रोचा उंचावरील मार्ग आणि संजय सरोवराच्या काठी फिरावयास येणारी माणसे यांच्यावर नवशिक्याने किलोभर वजनाचे विमान सोडणे हे धाडस नव्हे, बेजबाबदारपणा होय. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग पाडलेले असून लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. म्हणून येथील होतकरू वैमानिकाची पहिली धावपट्टी संगणकाच्या पडद्यावर असणे इष्ट.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यातील भाते व झडपा वापरून त्याने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच हेलकावणारे प्रशिक्षण-विमान तयार केले. प्रारंभी लोकांनी ते करमणुकीचे साधन मानले. १९३४ साली टपाल वाहून नेताना अनेक सैनिकी वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा कोठे तेथील सैन्याने ती यंत्रे विकत घेतली.

आज पिकासिमसारखी विनामूल्य किंवा रिअलफ्लाइटसारखी विकतची आज्ञावली पुरेशी होते. मात्र कळफलकावर सराव करू नये. पुढे मैदानात जो रिमोट वापरावयाचा, तोच संगणकास जोडावा. दोन्ही दांड्या मध्यावर आणून, मग टोकापर्यंत फिरवून त्यांचे मोजमाप आज्ञावलीस एकदा ओळखू द्यावे. ‘मोड दोन’ या पद्धतीत डावी दांडी पंख्याची शक्ती व सुकाणू सांभाळते. उजवी दांडी नाक वर-खाली करते व विमान कुशीवर कलवते. उजवी दांडी आपल्याकडे ओढली म्हणजे नाक वर जाते.

प्रारंभी पंख वरच्या बाजूस बसवलेले, संथ गतीचे शिकाऊ विमान निवडावे आणि वारा शून्य ठेवावा. आता खरी अडचण पुढे येते. वैमानिक विमानात नसून जमिनीवर उभा असतो. विमान दूर जात असताना त्याचे उजवे ते आपले उजवे. परंतु ते आपल्याकडे वळताच उजव्या-डाव्याची अदलाबदल होते. बहुतेक नवशिके येथेच गोंधळतात. यावर एक सोपा नियम आहे: विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी, जणू पडत्या पंखास टेकू द्यावा. हा टेकू विचार न करता देता येईपर्यंत आठाच्या आकड्यात फेऱ्या माराव्यात. त्यानंतर वाऱ्याला सामोरे जाऊन उतरण्याचा सराव करावा. उतरताना उंची कमी पडू लागली तर केवळ नाक वर ओढू नये. वेग घटून पंखांचा आधार सुटतो व विमान कोसळते. अशा वेळी शक्ती वाढवावी. दररोज पंधरा-वीस मिनिटांचा सराव पुरे. थकलेला हात चुकीच्या सवयी लावून घेतो.

सिम्युलेटरचा सर्वांत मोठा गुण हाच त्याचा दोषही होय. विमान आपटले की कळ दाबताच ते पुन्हा अखंड उभे राहते, त्यामुळे हानीची जाणीव बोथट होते. वाऱ्याचे अवचित झोत, डोळ्यांवर येणारे ऊन आणि उतरत चाललेली बॅटरी यांचा खरा धाकही पडद्यावर अनुभवास येत नाही. म्हणून प्रत्येक अपघातानंतर कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि चूक नेमकी कोठे झाली ते वहीत एका ओळीत लिहावे. एकच चूक त्या वहीत वारंवार दिसत असेल, तर मैदानाची वेळ अद्याप आलेली नाही असे समजावे. ती दिसेनाशी झाल्यावर अनुमती असलेल्या मोकळ्या मैदानात, अनुभवी व्यक्तीस शेजारी उभे करून, खरे विमान हवेत सोडावे. तेथे पुन्हा आरंभ करून देणारी कळ नसते.