जुनी पिकअप : खरेदीपूर्व परीक्षा आणि खेपेमागील खर्च

टोमॅटो, फुले, पालेभाज्या असा नाशवंत माल पिकविणाऱ्या शेतकऱ्यास बाजाराची वेळ साधणे हे पीक साधण्याइतकेच महत्त्वाचे असते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो न्यावयाचा असो, की माळशेज घाट उतरून कल्याणकडे भाजी पोचवावयाची असो, तोडणीच्या दिवशी गाडी मिळाली नाही तर तयार माल हातचा जातो. म्हणून अनेक शेतकरी आठ-दहा वर्षे वापरलेली डिझेल पिकअप विकत घेतात. यात गैर काही नाही. परंतु गाडीची किंमत म्हणजेच गाडीचा खर्च, असा समज करून व्यवहार केल्यास पुढे कर्ज व पश्चात्ताप दोन्ही वाट्यास येतात. म्हणून खरेदीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात : गाडीची परीक्षा आणि खेपांचा हिशेब.

इंजिनाची परीक्षा

गाडी पाहण्यास सकाळी जावे व इंजिन थंड असतानाच ते चालू करावयास सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. चालू केल्यानंतर धुराचा रंग पाहावा. सतत काळा धूर येत असल्यास हवेची जाळी तुंबली आहे किंवा इंजेक्टर डिझेल जास्त सोडीत आहेत असे समजावे. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, तर थंडाव्याचे पाणी सिलिंडरमध्ये उतरत असण्याचा संभव असतो.

तदनंतर तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून धुराचे झोत जोराने येत असल्यास पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजलेले असतात. ही दुरुस्ती मोठ्या खर्चाची असते. झाकणाच्या आतील बाजूस दुधाळ साय दिसल्यास तेलात पाणी मिसळत असावे. अशा वेळी हेड गॅस्केटची तपासणी करून घेतल्याखेरीज सौदा करू नये.

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनातील इंजेक्टर सूक्ष्म मापाचे व महाग असतात. डिझेलमधील पाणी व कचरा त्यांना हानी पोचवितो. यासाठी डिझेल फिल्टर वेळेवर बदलला जात होता काय, हे मागील पावत्यांवरून पाहावे.

इंजिन तापण्याचा दोष

जुन्या गाडीत हा दोष वारंवार आढळतो. रेडिएटरच्या पंखांत धूळ व भुसा अडकतो. विहिरीचे जड पाणी भरल्याने आतील नळ्यांत क्षारांचा थर बसतो. फॅनचा पट्टा सैल होतो. कोठेही गळती नसताना पाणी कमी होत असेल, तर ते इंजिनातच जात आहे असा संशय धरावा. तापमानाचा काटा वर गेल्यास गाडी ताबडतोब उभी करावी. पुढच्या गावापर्यंत नेऊ, या विचाराने शे-दोनशे रुपयांच्या पट्ट्यापायी संपूर्ण इंजिन गमावण्याची पाळी येते. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडते.

ब्रेक

ब्रेकचा प्रश्न पैशाचा नसून प्राणाचा आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ते वर्षानुवर्षे न बदलल्यास घाटात ब्रेक तापल्यावर त्यातील ओलाव्याची वाफ होते व पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. हे तेल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे. ब्रेकच्या पायपट्टीवर एकसारखा दाब ठेवून पाहावा; ती हळूहळू खाली जात असल्यास मास्टर सिलिंडर सदोष आहे किंवा कोठे तरी गळती आहे असे जाणावे.

घाट उतरताना, जो गियर चढताना लागतो तोच ठेवावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य संपते आणि पॉवर स्टीअरिंगही जड होते.

पाटे, सांगाडा व टायर

पाट्यांची कमान सपाट झालेली असणे किंवा पाटा तुटून बदललेला असणे ही जादा भाराची खूण होय. जेथे पाटे सांगाड्यास जोडलेले असतात, तेथे तडे वा वेल्डिंगचे जोड आहेत काय, हे गाडीखाली जाऊन पाहावे. खते व शेण यांची वाहतूक केलेल्या गाडीच्या हौद्याखाली गंज अधिक असतो. नवीन रंगाने गंज झाकला जातो, बरा होत नाही.

भाराविषयी एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. समजा, नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन १,७०० किलो व भारासहित एकूण वजन २,९०० किलो लिहिले आहे. म्हणजे माल व माणसे मिळून १,२०० किलोच भार नेता येतो. टोमॅटोचे २० किलोचे ६० क्रेट भरताच ही मर्यादा संपते. यात क्रेटचे व माणसांचे वजन धरलेलेच नाही.

टायरवर त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष चार अंकांत छापलेले असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होऊन चिरा पडलेल्या टायरवर विसंबू नये.

कागदपत्रे

नोंदणी पुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा उतरविला आहे काय, कर भरला आहे काय व दंडाची चलने बाकी आहेत काय, याची खात्री करावी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक असल्यास वाहतूक परवानाही लागतो. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत नाव बदलण्यासाठी परिवहन कार्यालयात अर्ज करावा आणि विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.

खेपेमागील खर्च

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालावेत. गाडी ३,२०,००० रुपयांस घेतली व सुरुवातीच्या दुरुस्तीस ३०,००० रुपये लागले, म्हणजे भांडवल ३,५०,००० रुपये झाले. पाच वर्षांनी ती १,५०,००० रुपयांस विकली जाईल असे धरू.

वर्षाचा स्थिर खर्च :
घसारा : ४०,००० रुपये
सरासरी भांडवलावर १० टक्के व्याज : २५,००० रुपये
विमा, कर व तपासणी : २७,००० रुपये
बॅटरी व किरकोळ : ८,००० रुपये
एकूण : १,००,००० रुपये

हा खर्च गाडी दारात उभी राहिली तरी होतोच. आता १०० किलोमीटरच्या एका खेपेस डिझेल ७५० रुपये, टायर, तेल व दुरुस्ती मिळून ४५० रुपये आणि चालकाचा रोज ५०० रुपये, असे १,७०० रुपये लागतात. तेवढ्याच खेपेस भाड्याची गाडी ३,७०० रुपये घेत असेल, तर प्रत्येक खेपेमागे २,००० रुपये वाचतात. स्थिर खर्च भरून निघण्यास वर्षाला ५० खेपा लागतात.

वर्षात ३० खेपाच झाल्या, तर एक खेप सुमारे ५,०३३ रुपयांस पडते. १०० खेपा झाल्या, तर २,७०० रुपयांस. गाडी तीच, परंतु एकास ती तारते व दुसऱ्यास बुडविते. ज्यांच्या खेपा कमी आहेत त्यांनी भाड्याची गाडी वापरणे किंवा शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून एकच गाडी ठेवणे हितावह ठरते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

गाडी घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास गेल्या वर्षी किती खेपा झाल्या व भाडे किती दिले, हे प्रथम लिहून काढण्यास सांगावे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना एक वही ठेवण्याची सवय लावावी. तीत तारीख, किलोमीटर, डिझेल, केलेली दुरुस्ती व बदललेले भाग यांची नोंद असावी. किलोमीटरमागे डिझेल अधिक लागू लागले, तर दोष कोठे तरी वाढत आहे हे वहीच प्रथम सांगते. हंगामापूर्वी पंधरा दिवस ब्रेक, पट्टे, पाण्याच्या नळ्या, टायर व बॅटरी यांची तपासणी करून घेतल्यास, माल तोडून ठेवलेला असताना गाडी रस्त्यात उभी राहण्याचा प्रसंग बहुधा टळतो.