परदेशगमन : विमानतळावरील दोन तपासण्या

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे 35 किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून इतिहासाच्या वाचकाला ते परिचित असते. तेथील विमानतळ 24 मे 2008 रोजी सुरू झाला आणि शहरातील जुन्या एच.ए.एल. विमानतळावरील नियमित प्रवासी वाहतूक थांबली. सप्टेंबर 2023 पासून परदेशी जाणारी विमाने येथील दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात. बेळगाव, निपाणी, हुबळी या बाजूंची पुष्कळ मराठी कुटुंबे मुलांकडे किंवा नोकरीसाठी परदेशी जाताना हाच मार्ग धरतात. रात्रभर बसने यावयाचे, हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळील गर्दीतून वाट काढावयाची आणि विमानाच्या वेळेपूर्वी तीन तास दारात पोहोचावयाचे, असा हा क्रम असतो. बॅगा भरण्यात आठवडे जातात. कागदपत्रांच्या वाट्याला मात्र शेवटची संध्याकाळ येते.

विमानतळावर प्रवाशाची गाठ दोन निरनिराळ्या खात्यांशी पडते. आप्रवासन विभागाला माणसाशी कर्तव्य असते, सीमाशुल्क विभागाला त्याच्याजवळील वस्तूंशी. एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, तेव्हा पारपत्राची आजच्यासारखी सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली आणि 1920 च्या कायद्याने भारतात स्थिर झाली. स्वातंत्र्यानंतरही पारपत्र देणे वा न देणे सरकारच्या मर्जीवर राहिले. एप्रिल 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, परदेशप्रवासाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी पारपत्र अधिनियम झाला. पुढे मनेका गांधी यांचे पारपत्र कारण न सांगता अडकविण्यात आले. त्या प्रकरणी 25 जानेवारी 1978 रोजी न्यायालयाने असे ठरविले की, स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे. आप्रवासनाच्या रांगेतील प्रवासी उपकाराची याचना करीत नसतो, ही जाणीव या निर्णयांनी दिली. कागद नीट ठेवण्याची जबाबदारी मात्र त्यामुळे कमी झालेली नाही.

निघताना भरावयाचे प्रस्थान-पत्रक भारतीय नागरिकांसाठी 1 जुलै 2017 पासून बंद झाले. अधिकारी पारपत्र, व्हिसा आणि प्रवासाचा हेतू पाहतो. पारपत्राची मुदत संपावयास सहा महिन्यांहून कमी अवधी उरला असेल, तर अनेक देश प्रवेश नाकारतात. म्हणून विमान कंपनीच अशा प्रवाशाला चढू देत नाही. तिकीट, व्हिसा आणि पारपत्र या तिन्हींवरील नाव अक्षरशः जुळते की नाही, हे घरीच ताडून पाहावे. विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण वारंवार येते. पूर्वनोंदणी केलेल्या प्रवाशांसाठी स्वयंचलित दारांची सोय जानेवारी 2025 पासून बंगळूरलाही झाली आहे.

मजुरीसाठी आखाती देशांत जाणाऱ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर उत्प्रवासन तपासणीची अट असते. ठरावीक 18 देशांत नोकरीसाठी जाताना त्याला 1983 च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी मजुराच्या रक्षणासाठी आहे : वेतन, करार आणि विमा त्या निमित्ताने तपासले जातात. काही दलाल ती टाळण्यासाठी मजुराला पर्यटक व्हिसावर पाठवितात आणि अधिकाऱ्याला काय सांगावयाचे तेही पढवितात. विमानतळावर हा बनाव उघडकीस आला तर केवळ तिकिटाचे पैसे बुडतात. तो तेथे पचला, तर परक्या देशात कराराविना, मालकाच्या दयेवर राहण्याची वेळ येते. दुसरे नुकसान पहिल्याहून फार मोठे आहे.

आणखी एक अडथळा प्रवाशाला आधी दिसतच नाही. तो म्हणजे लुक-आउट परिपत्रक. एखाद्या तपासयंत्रणेने ते काढले असल्यास त्याची वार्ता बहुधा खिडकीपाशीच कळते. सरकारी बँकांच्या प्रमुखांनाही थकबाकीदारांविरुद्ध अशी मागणी करण्याचा अधिकार देण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने 23 एप्रिल 2024 रोजी ती तरतूद रद्दबातल ठरविली. न्यायालयांनी स्वतः घातलेली बंधने त्याने सुटली नाहीत. ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे, त्याने न्यायालयाच्या परवानगीची प्रत जवळ ठेवावी, हेच शहाणपणाचे.

सीमाशुल्क विभागाचा संबंध परत येतानाच येतो, हा समज चुकीचा आहे. दोन पाटल्या, चार बांगड्या आणि मंगळसूत्र घालून मुलीच्या बाळंतपणाला निघालेली आई सहा महिन्यांनी परतते. ते दागिने येथलेच आहेत, हे तेव्हा कोण सांगणार? यासाठी जातानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात-प्रमाणपत्र घेता येते. सोनाराची पावती किंवा मूल्यांकन आणि दागिन्यांचे छायाचित्र बरोबर असल्यास काम सोपे होते. वस्तू बॅगेत असेल, तर बॅग विमान कंपनीच्या स्वाधीन करण्यापूर्वीच ती दाखवावी लागते.

सोन्याच्या नियमांचा इतिहास उद्बोधक आहे. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या पुरुषाला 20 ग्रॅम आणि स्त्रीला 40 ग्रॅम दागिने 2016 च्या नियमांनी शुल्कमुक्त केले होते. परंतु त्यांच्या किमतीला अनुक्रमे 50 हजार व एक लाख रुपयांची मर्यादाही होती. त्या वर्षी दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता; 2024 मध्ये त्याने सत्तर हजारांचा टप्पा ओलांडला. म्हणजे कागदावर 40 ग्रॅम लिहिलेले असले, तरी एक लाखात जेमतेम 14 ग्रॅम बसू लागले. ग्रॅमचा आकडा ऐकून निर्धास्त राहिलेले प्रवासी येथे फसत. असे आकडे बदलत असतात. निघण्यापूर्वी चालू नियम पाहणे आवश्यक ठरते.

खाद्यपदार्थांविषयी तर मोठाच गैरसमज आहे. दिवाळीच्या फराळाच्या डब्यातील अनारशांवर खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध जिन्नस आहे आणि अजाणतेपणाची सबब तेथे पुरेशी होत नाही. दुबईला जाणाऱ्याने अनारसे घरीच खावेत. मसाल्यात खसखस आहे का, तेही विचारावे. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधासारखी औषधे तेथे नेण्यास पूर्वपरवानगी लागते. इतर नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. ऑस्ट्रेलियात कसोटी निराळी आहे : अन्नपदार्थ जाहीर केला, तर फार तर तो काढून घेतात, लपविला, तर दंड होतो.

परत येताना लाल आणि हिरवा असे दोन मार्ग समोर असतात. हिरव्या मार्गाने चालू लागणे हीच ‘माझ्याजवळ शुल्कपात्र काही नाही’ अशी घोषणा मानली जाते. पुढे अडविल्यावर खुलासा देऊन ती मागे घेता येत नाही. शंका असल्यास लाल मार्ग धरावा. परकीय नोटा 5,000 डॉलरहून अधिक, किंवा धनादेशांसह एकूण 10,000 डॉलरहून अधिक मूल्याचे चलन असेल, तर ते जाहीर करावेच लागते. 1962 च्या सीमाशुल्क अधिनियमातील 80 वे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. खरी घोषणा केलेल्या प्रवाशाच्या विनंतीवरून, शुल्क आकारण्यायोग्य वस्तू तात्पुरती विभागाकडे ठेवता येते आणि देश सोडताना परत घेता येते. अल्पकाळासाठी भारतात येणाऱ्या परदेशस्थ नातेवाइकांना ही तरतूद विशेष उपयोगी आहे. अंगझडतीची वेळ आलीच, तर 102 व्या कलमानुसार राजपत्रित सीमाशुल्क अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर नेण्याची मागणी प्रवासी करू शकतो, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते. वस्तू ठेवून घेतली गेल्यास तिचे वर्णन, वजन व किंमत लिहिलेली पावती तेथेच वाचून घ्यावी, आणि निर्यात-प्रमाणपत्र बंगळूरच्या घरातील कपाटात न ठेवता हातातील पिशवीत ठेवावे.