संशोधनाचा खर्च कोणाचा?

प्रश्न : पालघरला आमची कोळंबीची तळी आहेत. प्रोबायोटिक विकणाऱ्याने शोधनिबंध दाखवला. खर्च त्याच कंपनीचा. विश्वास ठेवावा का?

उत्तर : निबंध फेकू नका, शेवटचं पान उघडा. पैसा कोणाचा, लेखकांपैकी कंपनीच्या पगारावर कोण, हे तिथे छापलेलं असायलाच हवं. नॉर्वेत मत्स्यसंशोधनाचा एक मोठा निधी मासळी-निर्यातीवरच्या ०.३ टक्के शुल्कातून उभा राहतो, आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. उद्योगाचा पैसा म्हणजे लबाडी नव्हे. लपवलेला पैसा मात्र मला खटकतो. मग पाहा, प्रोबायोटिक न घातलेली तळी तुलनेला होती का? एकाच तळ्यावरचा निष्कर्ष मी मानत नाही. कोळंबीच्या व्हाइट स्पॉट या विषाणूजन्य रोगावर खात्रीचं औषध अजून नाही. निबंधात तो रोग हमखास बरा होण्याचा दावा असेल, तर पैसे देऊ नका.