रानात लोह भरपूर, तरी उसावर केवडा: रसायनाची आवड असणाऱ्यांसाठी एक वाट

चुनखडीच्या काळ्या रानात ऊस केवडा पडतो, तेव्हा जुनी पाने हिरवीच राहतात. कोवळी पाने मात्र पिवळी पडतात आणि पुढे पांढरट होतात; शिरा तेवढ्या काही दिवस हिरव्या दिसतात. दुखणे लोहाच्या कमतरतेचे. पण हे रान बेसाल्ट झिजून झालेले, लोहाने भरलेले. शेकडा 5 भाग लोह असलेल्या मातीत किलोमागे 50 ग्रॅम लोह असते. त्याच मातीच्या तपासणीत ‘उपलब्ध लोह’ किलोमागे 4.5 मिलिग्रॅमच्या खाली येऊ शकते, आणि तेवढ्यावर जमीन लोहाला कमी ठरते. सामू आठच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकते. मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून शेतकरी हिराकस शेणखतात मुरवून देतात. शेणखतातले सेंद्रिय पदार्थ लोहाला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोहोचू देतात.

धातू किती आहे आणि त्यातला किती सजीवाला घेता येतो, या दोन प्रश्नांमध्ये एक मोठे शास्त्र आहे. बारावीनंतर ‘केमिस्ट्रीला स्कोप आहे का?’ असे विचारणाऱ्या पालकांनी ते जरूर पाहावे. जड पाण्यात माशांना तांब्याची बाधा कमी होते, हलक्या पाण्यात जास्त. जपानच्या मिनामाता गावात माणसे पाऱ्याने पंगू झाली, ती मिथिल पारा या रूपामुळे. हे रूप मासळीत साठत जाते. म्हणजे प्रदूषणाच्या अहवालातला एकूण धातूचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी सांगणारी माणसे आपल्याकडे फार कमी आहेत.

काम कसे असते? 10 ग्रॅम माती, 20 मिलिलिटर डीटीपीए द्रावण, दोन तास हलवायचे, गाळायचे आणि गाळलेल्या द्रावणातले लोह, जस्त, तांबे, मँगनीज अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन यंत्रावर मोजायचे. ऐकायला सोपे आहे. पण काचसामान नीट धुतले नसेल तर जस्ताचा आकडा फुगतो आणि शेतकऱ्याला चुकीची शिफारस जाते. हात स्वच्छ, नोंद चोख आणि मन शांत असलेल्या मुलामुलींचे हे क्षेत्र आहे.

हे काम शेतापुरतेही नाही. 2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटरवर लोह सल्फेट, म्हणजे आपले हिराकसच, सोडले. लोहाअभावी खुंटलेले सूक्ष्म शैवाल वाढते का, हे त्यांना पाहायचे होते. ते वाढले, पण बरेचसे बारीक प्राण्यांनी खाऊन टाकले. असे प्रश्न मांडायला रसायन आणि जीवशास्त्र दोन्ही लागतात.

वाटा दोन. एक, एमएचटी-सीईटी देऊन बीएस्सी कृषी आणि पुढे राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात मृदशास्त्रात एमएस्सी. दुसरी, रसायनशास्त्रात बीएस्सी, मग आयआयटी-जॅम किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून एमएस्सी. पुढे नागपूरची नीरी, भोपाळची भारतीय मृदा विज्ञान संस्था, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था अशा ठिकाणी संशोधन करता येते. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये छात्रवृत्ती आहे. पीएचडी म्हणजे घरावर भार, ही भीती तेवढी कमी करा. नोकऱ्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळांत, साखर कारखान्यांत, खत कंपन्यांत, प्रदूषण नियंत्रण मंडळांत आणि पर्यावरण सल्लागार संस्थांत आहेत.

आता स्पष्ट सांगतो: नुसत्या बीएस्सीवर थांबलात तर खासगी प्रयोगशाळेत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो आणि बढतीही लवकर अडते. एमएस्सीपर्यंत जायची तयारी हवी. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती पहिल्या वर्षातच घालवा.

आणि पालकहो, प्रवेश घेण्याआधी मुलांसोबत कॉलेजच्या प्रयोगशाळेत जा. तिथले यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे कॉलेज पाहा.