अंगणातले काँक्रीट : घोटण्याआधी जरा थांबा

आता पुष्कळ घरांपुढे ट्रॅक्टर, मोटारसायकल आत घ्यायला काँक्रीटची वाट करतात. खडी, वाळू, सिमेंट, पाणी कालवून ओतले की झाले, असे आपल्याला वाटते. खरे काम त्यापुढेच असते.

आधी गवंडीकाका दोन्ही कडांच्या फळ्यांवर लांब पट्टी टेकवून सरकवतात व माल सारखा करतात. उतार घराकडे नव्हे, रस्त्याकडे हवा. फुटाला पाव इंच, म्हणजे दहा फुटांत अडीच इंच. हे गणित चुकले तर पावसाळ्यात पाणी थेट ओट्याशी!

थोड्या वेळाने वर पाणी चमकू लागते. खडी, वाळू, सिमेंट जड, ते खाली बसते आणि पाणी वर येते. नेमकी याच वेळी घाई होते. कोणी ते पाणी तसेच घोटतो, कोणी शोषून घ्यायला कोरडे सिमेंट भुरभुरतो. दिसायला छान दिसते हो, पण वरचा थर कच्चा राहतो. मग रोज झाडताना धूळ निघते नि पोपडे सुटतात. पैसे मोजून आणलेली ५० किलोची पोती ती! म्हणून पाणी आपोआप जाऊ द्यावे. पाय ठेवल्यावर पाव इंचच ठसा उठला, की लाकडी रंधा फिरवावा.

पुष्कळांना पुढे लोखंडी थापीने आरशासारखे गुळगुळीत हवे असते. घरात ठीक, उतारावर नको. इगतपुरीकडचा पाऊस आठवा आणि त्या ओल्या उतारावरून येणारी आपली आजी! त्यापेक्षा झाडू हलकेच आडवा ओढून बारीक रेघा पाडाव्यात.

काँक्रीट आकसते, त्याला तडा जातोच. तो आपण ठरवू तिथे जावा म्हणून चार इंच जाडीला आठ-दहा फुटांवर एक इंच खोल खाच पाडतात. सिन्नर, इगतपुरी तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तोही काँक्रीटचा. असल्या रस्त्यांनाही ठरावीक अंतरावर सांधे ठेवतात.

आता पाणी मारण्याविषयी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होते. (इंग्लंडच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली याचे पेटंट घेतले. पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते, म्हणून ते पोर्टलंड सिमेंट.) नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हा-वाऱ्यात वरचे पाणी भराभर उडते आणि बारीक चिरा पडतात. म्हणून काम सकाळी लवकर धरावे, आणि घट्ट झाल्यावर ओले गोणपाट पसरून निदान दहा दिवस ओल टिकवावी. टंचाईत आळी करून पाणी साठवण्यापेक्षा गोणपाट बरे, कमी पाण्यात भागते.

ओल्या मालात उघडे हातपाय घालू नका, कातडी भाजते. आठवड्याने मोटारसायकल चालेल. द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेली ट्रॉली मात्र २८ दिवस बाहेरच उभी करायला सांगा.