बर्फावर जाण्याआधी रीळ बघून घ्या

डिसेंबरात मिनेसोटातली तळी गोठायला लागली की नव्याने इकडे आलेल्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. "दादा, दुकानात उभा आहे, कुठलं रीळ घेऊ?" दुकानात उभं राहून हे ठरत नाही. किती खोल पाण्यात कुठला मासा गरवणार, आणि उघड्यावर बसणार की तापवलेल्या खोपटात, एवढं घरून ठरवून निघावं. खोक्यावर 'आइस' असं छापलेलं असतं, त्याच्यावर जाऊ नका. पुष्कळदा आत उन्हाळ्यातलंच रीळ असतं, आकाराने लहान आणि रंग बदललेलं. ग्रीससुद्धा तेच.

स्पिनिंग रीळ बहुतेकांच्या ओळखीचं आहे. स्पूल जागच्या जागी, आणि तारेची कडी त्याच्याभोवती फिरून दोरा गुंडाळते. त्याची घडण आमिष लांब फेकण्यासाठी. मालवणच्या जेटीवर उभं राहून गरवणाऱ्याला ते फार सोयीचं. बर्फावर फेकणार कुठे? गिरमिटाने पाडलेलं आठ इंचांचं भोक, जेमतेम अडीच फुटांची दांडी आणि भोकातून सरळ खाली सोडायचा जिग. म्हणजे या रिळाचा मुख्य गुण इथे वाया जातो आणि एक दोष मात्र फार जाचतो, तो म्हणजे पीळ.

कडी उघडून जिग सोडला तर दोरा सुटताना जो पीळ पडतो, तो गुंडाळताना बराचसा निघून जातो. घोटाळा होतो ड्रॅगमुळे, म्हणजे जोराने ओढल्यावर स्पूल फिरू देणाऱ्या ब्रेकमुळे. थंडीत बोटं आखडलेली असतात, कडी कोण उघडणार, म्हणून लोक दोरा हाताने खेचून खाली सोडतात. तेव्हा स्पूल फिरतं आणि दोरा सरळ बाहेर येतो. पण परत गुंडाळताना कडीच फिरते, आणि तिच्या प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात एक पीळ चढतो. मासा दोरा ओढून पळत असताना हँडल फिरवत राहिलात तर आणखी वाईट. बहुतेक स्पिनिंग रिळांत हँडलच्या एका फेऱ्याला कडीचे पाचएक फेरे होतात. मासा तसूभर वर येत नाही आणि दोऱ्यात पाच पीळ बसतात.

हे सगळं मला वाचून कळलं नाही. मिनियापोलिसजवळच्या एका तळ्यावर चौदा फूट पाण्यात क्रॅपी मासे होते. सोनारच्या पडद्यावर ते खालून जिगपर्यंत येताना दिसत, जवळ येऊन थांबत आणि परत खाली जात. माझ्यापासून दहा पावलांवर बसलेले एक आजोबा मात्र एकामागून एक काढत होते. जिग तसाच, त्यावर लावलेली पांढरी अळीही तीच. शेवटी ते उठून आले, माझा दोरा चिमटीत धरला आणि जिग पाण्याच्या वरच्या थरापर्यंत उचलून म्हणाले, "बघ." वाटाण्याएवढा टंगस्टनचा जिग स्वतःभोवती गरगर फिरत होता. थांबला, क्षणभर टिकला आणि उलटा फिरायला लागला. आमिष असं गिरक्या घेताना दिसलं की क्रॅपी आणि ब्लूगिल तोंड लावत नाहीत. थंड पाण्यात त्यांना घाई नसते. ते समोर येतात, निरखतात आणि मग ठरवतात.

आजोबांच्या हातात इनलाइन रीळ होतं. यात स्पूल चाकासारखं फिरतं, दोरा त्यावरून सरळ सुटतो आणि सरळच गुंडाळला जातो, त्यामुळे पीळ पडायला जागाच नाही. स्पूलचा घेरही मोठा. लहानशा स्पिनिंग स्पूलवर आठवडाभर पडून राहिलेला तंगूस थंडीत टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखी वेटोळी घेऊन बाहेर पडतो. मोठ्या घेरावर ही वेटोळी सैल पडतात, म्हणून माशाचा हलका चावासुद्धा दांडीच्या टोकाशी जाणवतो. वीस-पंचवीस फुटांच्या आत क्रॅपी, ब्लूगिल किंवा पर्च गरवायचे असतील, तर माझं मत सरळ आहे: इनलाइन घ्या. हे मासे मिनेसोटात बारा महिने गरवता येतात, नवशिक्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी. (बर्फ मात्र आधी मोजा. पायी जायलासुद्धा नवा, स्वच्छ बर्फ किमान चार इंच हवा. रिळाची चौकशी त्याच्यानंतर.)

पण इनलाइनच्या प्रेमात पडलेले लोक ते सगळीकडे घेऊन जातात, आणि मग रडतात. आमचा एक मित्र कॅनडाच्या सीमेवरच्या लेक ऑफ द वुड्सला ते घेऊन गेला. तिथे वॉलआय मासे तीस फुटांवर. त्याचं रीळ स्वस्तातलं, गिअर नसलेलं, म्हणजे हँडलचा एक फेरा आणि वर येतो वीतभर दोरा. तीस फुटांवरून मासा आणायला चाळीसएक फेरे. तेवढ्यात वॉलआयने वरच्या दिशेने मुसंडी मारली की दोरा ढिला पडतो आणि गरी निसटते. शिवाय अशा रिळाचा ड्रॅग बहुधा नावापुरताच, एक स्क्रू आणि प्लास्टिकची चकती. अंगठा स्पूलवर दाबून ब्रेक लावता येतो, पण ते सवयीचं काम. मधेच एखादा नॉर्दर्न पाइक लागला तर अंगठ्याचं काही चालत नाही.

वॉलआयसाठी मी स्पिनिंगच वापरतो, पण १००० आकाराचं. त्याहून लहान घेऊ नये, स्पूलचा घेर कमी झाला की वेटोळी वाढतात. जिगच्या वर दीड-दोन फुटांवर एक बारीक फिरती कडी बांधतो. चांगल्या कडीत पीळ बराचसा तिथेच सुटतो. त्याहून वर बांधू नका. ती दांडीच्या टोकाशी अडकते, मग मासा भोकात आणि पुढे गुंडाळता येत नाही, अशी गत होते. आणि मासा दोरा ओढत असेल तेव्हा हँडल सोडून द्या. त्याला ओढू द्या, तो थांबला की गुंडाळा.

गनफ्लिंट ट्रेलच्या बाजूच्या खोल तळ्यांत लेक ट्राउट कधी साठ-सत्तर फुटांवर असतात. तिथे बेटकास्टर रीळ हवं. दोरा भरपूर मावतो, ड्रॅग दणकट, आणि इथेही दोरा सरळच सुटतो. जड आमिषाशिवाय ते चालत नाही, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता थंडीबद्दल, कारण दुकानदार याविषयी अवाक्षर काढत नाही. जानेवारीतली सकाळ, मिल लॅक्स तळं, तापमान उणे २३. हाताला चांगला वॉलआय लागला आणि माझ्या स्पिनिंग रिळाचं हँडल उलटं फिरायला लागलं. हँडल मागे फिरू नये म्हणून आत एकेरी बेअरिंग असतं. त्यातले बारीक रोलर चिमुकल्या स्प्रिंगांच्या जोरावर पुढे सरकून पकड घेतात. कारखान्यात भरलेलं ग्रीस गोठून चिकट झालं की रोलर जागचे हलत नाहीत, पकड लागत नाही. मासा गेला तो गेलाच, वर हँडल बोटांच्या पेरांवर आपटलं ते वेगळंच. उपाय साधा आहे. रीळ उघडून ते ग्रीस पुसून, धुऊन काढायचं आणि थंडीत न गोठणाऱ्या पातळ सिंथेटिक तेलाचा एकच थेंब सोडायचा. जास्त तेलानेही रोलर घसरतात. स्वतः उघडायची हिंमत नसेल तर दुरुस्तीवाल्याला तेवढंच काम सांगा.

तापवलेल्या खोपटात बसणाऱ्याला यातली निम्मी काळजी नाही. फक्त रीळ सारखं आत-बाहेर करू नका. उबेत त्याच्यावर ओल धरते आणि बाहेर नेताच तिचा बर्फ होतो. विणलेला दोरा उघड्यावर वापरू नये, हेही याच कारणाने. तो पाणी धरून ठेवतो, ते स्पूलपर्यंत येतं आणि तिथे गोठतं. उघड्यावर साधा नायलॉनचा तंगूस किंवा फ्लोरोकार्बन बरा. क्रॅपीसाठी तीन-चार पौंडांचा, वॉलआयसाठी सहा-आठचा.

घेताना आणखी एक बघा. स्पिनिंगचं हँडल एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, पण बरीच इनलाइन रिळं डाव्या हाताची वेगळी आणि उजव्या हाताची वेगळी येतात. दुकानात हातमोजे घालून, दांडीवर बसवून फिरवून पाहा. उघड्या बोटांनी सगळीच रिळं छान वाटतात.

घरी आणलं की दांडीवर चढवण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्याकडे ते खवलेल्या नारळाच्या पाकिटांशेजारी असतं, आणि त्यावरून दरवर्षी बायकोची बोलणी खावी लागतात. सकाळी बाहेर काढल्याबरोबर हँडल फिरवा, उलटं फिरतंय का बघा, ड्रॅग सैल करून दोरा खेचा, तो झटके न देता सुटायला हवा. फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो. जे रीळ तिथेच अडलं, ते तळ्यावर चालणार नाही. त्यावर तेल-ग्रीसचे प्रयोग करत बसू नका, उघडलेलं रीळ दुकान परत घेत नाही. पावती घ्या आणि मुदत आहे तोवर बदलून आणा.